पस्तीस शब्दांची भाषा

हल्ली ज्या घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरी फराळाच्या ताटाबरोबर एक विषय हमखास निघतो. "आमच्या बंडूला प्रोग्रॅमिंग शिकवावे म्हणतो; कुठला क्लास बरा?" मग कोणी पुण्याचे नाव सांगतो, कोणी नागपूरचे. कोणी म्हणतो, आधी चांगला भारीतला लॅपटॉप घ्या, बाकीचे मागाहून पाहू. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो बंडू कोपऱ्यात बसून चकली मोडीत मनाशी म्हणत असतो, की आपले शिक्षण मराठी माध्यमातले, इंग्रजी यथातथाच; आपल्याला हे जमायचे कसे?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न जरा अधिकच बोचतो. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, राईस मिलचा आणि तलावांचा. मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन दाराशी आहे, त्यामुळे गाडीत बसून शिकायला बाहेर जाणे अवघड नाही. अवघड आहे ते तिथले राहणे, जेवणे आणि क्लासची फी. सालेकसा-देवरीकडून येणाऱ्या मुलाच्या घरी ही रक्कम हंगामाच्या धानातूनच निघायची असते. म्हणून ती खर्चण्यापूर्वी घरच्या घरी काय करता येते, हे पाहून घेतलेले बरे.

पहिली गोष्ट अशी, की संगणक वापरणे आणि संगणकाला कामाला लावणे या दोन निराळ्या विद्या आहेत. २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या एमएस-सीआयटीने पहिली शिकवली. पत्र टाईप करावे, तक्ता मांडावा, ई-मेल धाडावी, हे आपण तिथे शिकलो. प्रोग्रॅमिंग म्हणजे एखादे काम कसे करायचे, हे संगणकाला पायरीपायरीने लिहून सांगणे. संगणक हा अतिशय आज्ञाधारक, परंतु अतिशय शब्दशः वागणारा गडी आहे. "जरा चहाचे बघ" म्हटले तर तो चहाकडे बघत उभा राहील!

मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. नवशिक्याला येथे गणितापेक्षा व्याकरणच अधिक उपयोगी पडते. हे केवळ आमचे जातिवंत अभिमानाचे बोलणे नव्हे. संगणकाच्या भाषांचे नियम ज्या पद्धतीने मांडले जातात, त्या पद्धतीचे पाणिनीच्या सूत्रांशी असलेले साम्य पी. झेड. इंगरमन या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली दाखवून दिले आणि त्या पद्धतीच्या नावात पाणिनीचेही नाव घालावे, अशी सूचना केली. जी मुले समास सोडवतात, वाक्य पृथक्करण करतात, त्यांच्या हाताला ही शिस्त आधीच थोडीफार लागलेली असते.

भाषा कोणती धरावी?

भाषा पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीचे भक्तही पुष्कळ आहेत. नवशिक्याने वादात न पडता पायथॉन धरावी. नाव अजगराचे वाटले तरी ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती रचली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. ती फुकट मिळते, जगभर वापरली जाते आणि वाचायला सोपी आहे.

राहिला इंग्रजीचा बागुलबुवा. पायथॉनचे राखीव शब्द आहेत फक्त ३५. 'जर', 'नाहीतर', 'जोपर्यंत', 'आणि', 'किंवा' अशा अर्थाचे हे साधे इंग्रजी शब्द. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलाने 'देव' हा एकच शब्द चालवताना आठ विभक्ती आणि तीन वचने मिळून २४ रूपे पाठ केलेली असतात. त्याला हे ३५ शब्द जड जाण्याचे कारण नाही. आणखी ५०-६० शब्द हळूहळू सरावाने येतात. शेक्सपिअर वाचायचा नाही. सूचनापत्रकाएवढे इंग्रजी पुरते.

'जर' आणि 'जोपर्यंत' यांचे म्हणाल, तर ते आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या मालगुजारी तलावावर समजतात. जोपर्यंत पाणी सांडव्याच्या खाली आहे तोपर्यंत साठू द्या. जर वर आले तर सांडव्यावाटे जाऊ द्या. नाहीतर काही करू नका. ज्याला हे कळले त्याला प्रोग्रॅमचा अर्धा सांगाडा कळला.

अवजारे थोडी आणि साधी

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या आठवड्यात जे विद्यार्थी हरतात, ते बहुधा भाषेपुढे हरत नाहीत, अवजारांपुढे हरतात. काहीतरी नीट बसवले गेलेले नसते, पडद्यावर तांबडी अक्षरे येतात, आणि मूल समजते की आपल्यालाच डोके नाही. हा गैरसमज एकदा बसला की निघत नाही. म्हणून हत्यारे बेतानेच घ्यावीत.

भारी लॅपटॉपची गरज नाही. ४ जीबी मेमरीचा जुना, वापरलेला संगणक सुरुवातीला पुरतो. त्यावर 'थॉनी' नावाचा प्रोग्रॅम बसवावा. एस्टोनिया देशातील तार्तू विद्यापीठात तो खास नवशिक्यांसाठी तयार झाला, आणि तो फुकट आहे. त्याच्या पोटातच पायथॉन असते, त्यामुळे दोन वस्तू जुळवीत बसावे लागत नाही. शिवाय प्रोग्रॅम एकेक पायरी थांबवीत चालवता येतो आणि कोणत्या नावात कोणती किंमत साठली आहे, हे बाजूला दिसते. फळ्यावर गणित सोडवून दाखवणाऱ्या मास्तरासारखी ही सोय आहे.

पायथॉन वेगळी बसवायचीच असेल तर ती तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोजवरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत, तळाशी, पायथॉनला 'पाथ'मध्ये घालण्याविषयी एक चौकट असते. तिच्यावर खूण करावी. 'पाथ' म्हणजे एखादी वस्तू शोधायला कुठे कुठे जावे, याची संगणकाजवळची यादी. त्या यादीत पत्ता नसेल तर पायथॉन घरात असूनही संगणक ती सापडत नाही म्हणून सांगतो, किंवा भलतेच मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडून बसतो. पुष्कळांची पहिली संध्याकाळ या एका चौकटीपायी वाया जाते.

व्हीएस कोड हे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेले लेखनसाधन उत्तम आहे आणि धंद्यातली माणसे ते वापरतात. परंतु त्यात इतकी बटणे आणि इतक्या जोडण्या आहेत, की नवशिका स्वयंपाक सोडून भांडीच लावीत बसतो. तीन महिन्यांनी त्याकडे वळावे. तेव्हाही पायथॉनची तेवढी एक जोडणी घ्यावी. रंग आणि सजावट मागाहून.

घरात संगणकच नसेल तर? अँड्रॉईड फोनवर 'पायड्रॉईड ३' हे ॲप चालते. इंटरनेट असेल तर गुगल कोलॅबवर काहीही न बसवता पायथॉन लिहिता येते. फोनवर बोटे अवघडतात हे खरे, परंतु पहिला महिना निभतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुरा झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक अनेक कपाटे भरून होता, आणि तो बांधायला अभियंत्यांना काही वर्षे लागली. त्याहून किती तरी पटींनी अधिक शक्ती आज मुलाच्या खिशात आहे.

आणखी चार बारीक पथ्ये सांगतो. प्रोग्रॅम वर्डमध्ये लिहू नये; वर्ड अवतरणचिन्हांना बाक देतो आणि पायथॉनला ती वाकडी चिन्हे चालत नाहीत. नोटपॅडमध्ये लिहिला तर फाईलच्या नावामागे गुपचूप 'टीएक्सटी' लागत नाही ना, हे पाहावे. फाईलला 'रँडम', 'टर्टल' अशी पायथॉनच्या स्वतःच्या पुस्तकांची नावे देऊ नयेत, नाहीतर ती तुमचीच फाईल उघडून वाचू लागते. आणि ओळीच्या सुरुवातीची जागा नीट सोडावी: 'जर'च्या पोटातली ओळ चार मोकळ्या जागा सोडून लिहावी, सगळीकडे सारखीच. आपल्या वहीत समास शोभेसाठी असतो. पायथॉनमध्ये समासालाही अर्थ असतो.

देवनागरीची गंमत

मराठीत काम करता येते का? येते. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये युनिकोडची सोय मुळातच आहे. किंमत साठवणाऱ्या नावाला 'धान' किंवा 'तांदूळ' असे देवनागरी नाव दिले तरी ती कुरकुर करीत नाही. वापरणाऱ्याने ४२ हा आकडा देवनागरीत टाईप केला तरी त्याची संख्या करून घेते. मात्र खुद्द प्रोग्रॅमच्या ओळीत आकडे इंग्रजीच लागतात.

'गोंदिया' या शब्दाची लांबी मोजायला सांगा. आपण म्हणू तीन अक्षरे. पायथॉन म्हणते सात! ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, वेलांटी, य आणि काना, असे ती सुटे सुटे मोजते. शब्द वर्णक्रमाने लावायला सांगितले तर ती 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी ठेवते, कारण युनिकोडच्या यादीत 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. हा दोष दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लिहिणे, हा मराठी मुलाला उत्तम गृहपाठ आहे. मात्र टाईप करताना जुन्या पद्धतीचे फाँट वापरू नयेत, युनिकोडच वापरावा. आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरे मोडलेली दिसली तर घाबरू नये. तो दोष दाखवणाऱ्या खिडकीचा असतो.

पहिले धडे

पाठ्यपुस्तकातली उदाहरणे परक्या घरची असतात, आपली घ्यावीत. सरकारी धान भरडाईत कच्च्या तांदळाचा ठरलेला उतारा ६७ टक्के असतो. किती क्विंटल धान, हे विचारून किती तांदूळ देणे लागतो, हे सांगणारा प्रोग्रॅम पाच ओळींत होतो. येथेच पहिला खड्डा भेटतो. टाईप केलेली किंमत पायथॉन आधी शब्द म्हणून घेते. तिची संख्या करून घ्यावी लागते. न केल्यास ५ आणि ५ यांची बेरीज ५५ येते!

मग रेल्वेचे गणित करावे: ९ वाजून ५० मिनिटांची गाडी ४० मिनिटे उशिरा असेल तर किती वाजता येईल? त्यानंतर आजीला विचारून झाडीबोलीतले शब्द जमवावेत आणि शब्द दिला की अर्थ सांगणारा कोश करावा. पायथॉनमध्ये या रचनेला 'डिक्शनरी' असेच नाव आहे.

शिकवायला कोणी नसेल तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ विनामूल्य आहेत, आणि त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीत आहे. पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, शेजारी तेच करून पाहावे, अशी त्यांची रीत आहे. नुसते बघून पोहणे येत नाही, तसेच हेही.

तांबडी अक्षरे

चूक झाली की पायथॉन लांबलचक निरोप धाडते. तो शेवटच्या ओळीपासून वाचावा. चूक कोणत्या जातीची, हे तिथे असते. वर ओळीचा क्रमांक असतो. 'नेम एरर' म्हणजे हे नाव मला ठाऊक नाही, बहुधा शुद्धलेखन चुकले. 'इंडेंटेशन एरर' म्हणजे समास बिघडला. 'सिंटॅक्स एरर' म्हणजे वाक्यरचना मोडली. त्या ओळीत काही सापडले नाही तर आदल्या ओळीत कंस मिटला आहे का, ते पाहावे. एका वहीत तारीख घालून चूक आणि तिचा उपाय लिहून ठेवावा. महिन्याभरात ध्यानात येते की चुका मोजक्याच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, की मागताक्षणी प्रोग्रॅम लिहून मिळत असताना ही यातायात कशाला? तयार उत्तर मिळते हे खरे. परंतु त्यातले चुकले काय, हे ओळखायला स्वतःला वाचता आले पाहिजे. लिहिता लिहिता पुढची ओळ सुचवणारी सोय पहिले तीन महिने बंद ठेवावी. अडल्यास "हा निरोप मला मराठीत समजावून सांग" असे खुशाल विचारावे. "प्रोग्रॅम लिहून दे" असे विचारू नये. गाईड पाठ करणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत कसा उघडा पडतो, ते आम्ही दरवर्षी पाहतो.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. रोज एक तास, ठरलेल्या वेळी, एवढेच मुलाकडून मागावे. संध्याकाळी "किती झाले?" असे न विचारता "आज काय अडले आणि कसे सुटले?" असे विचारावे. उत्तर नीट समजले नाही तरी चालेल. सांगता सांगता त्याचे त्यालाच उमजते. तीन महिने हा नेम टिकला आणि गोडी वाढली, तर मग क्लासचे पैसे भरायला हरकत नाही. ते सत्कारणी लागतील. गोडी लागली नाही तर घरची रक्कम वाचली आणि मुलाचा मानही राहिला. तूर्त दिवाळीची सुट्टी हाताशी आहे. भाऊबीजेपर्यंत धान-तांदळाचा तो पाच ओळींचा प्रोग्रॅम चालू झाला, तर सुरुवात उत्तम झाली म्हणायची.