काळ्या दगडाची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात दिग्रसच्या आमच्या शेतात विहीर खोदली. वरची काळी माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा कातळ लागला. सुरुंगाने निघालेला मुठीएवढा तुकडा मी घरी आणला व भिंगातून पाहू लागलो. आजोबा बाजेवर बसले होते.

"काबे, गोट्याले काय इचारून रायला?"

"आबाजी, तो कुठून आला ते विचारतो."

"अन् सांगते काय तो?"

सांगतो; मात्र त्याची साक्ष घेता आली पाहिजे. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी नव्हे. इतिहास आणि भूगोल हे माझे विषय. तरीही ही साक्ष घेण्याची रीत मला इतिहासाच्या रीतीसारखीच वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या पायाखालचा हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. परंतु बेसाल्ट काही दख्खनचीच मिरास नाही. तो मुख्यतः तीन प्रकारच्या ठिकाणी तयार होतो. समुद्रतळावर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेथे. जपान, इंडोनेशियाप्रमाणे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे. आणि हवाई बेटांप्रमाणे भूपट्टाच्या ऐन मध्यावर. डोळ्यांना तिन्ही दगड काळेच! भेद असतो तो त्यांच्या रसायनात.

खाली शिरणारा भूपट्ट आपल्याबरोबर समुद्राचे पाणी नेतो. खोलवर तापल्यावर ते पाणी बाहेर पडते आणि बेरियम, रुबिडियम यांसारखी सहज विरघळणारी मूलद्रव्ये वरच्या खडकात नेऊन सोडते. निओबियम मात्र मागेच राहते. म्हणून तेथील बेसाल्टमध्ये बेरियम भरपूर, पण निओबियम तुटपुंजे. समुद्रतळाच्या बेसाल्टचे निराळेच. ज्या प्रावरणातून तो वितळतो, त्याचा रस पूर्वीच एकदा निघून गेलेला असतो. चरकातून एकदा निघालेला ऊस पुन्हा पिळावा तसे हे! त्यामुळे त्यात दोन्ही द्रव्ये कमीच. भूपट्टाच्या मध्यावर शिलारस खोलवरून येतो. त्यात निओबियम आणि टायटॅनियम सहसा अधिक आढळतात.

येथे कोणी विचारील, इतक्या वर्षांच्या ऊनपावसाने दगडाचे रसायन बदलत नाही काय? बदलते. पोटॅशियम, सोडियम पाण्याबरोबर वाहून जातात. परंतु टायटॅनियम, झिर्कोनियम, यिट्रियम आणि निओबियम ही द्रव्ये सहसा जागा सोडत नाहीत. नेमके हेच हेरून पिअर्स आणि कॅन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली पहिल्या तिघांच्या प्रमाणावर आधारलेला एक त्रिकोणी आलेख मांडला. दगडाचे पृथक्करण करावे, आलेखात ठिपका द्यावा आणि तो कोणत्या घरात पडतो ते पाहावे.

इतके सोपे असते तर हा लेख येथेच संपला असता. दख्खनचा लाव्हा खंडाच्या आत फुटला, भूपट्ट एकमेकांखाली शिरतात अशा ठिकाणी नव्हे, हे इतर पुराव्यांवरून आपल्याला ठाऊक आहे. लक्षद्वीप, मालदीवपासून रियुनियन बेटापर्यंत गेलेली ज्वालामुखींची रांग पुष्कळ शास्त्रज्ञ त्याच उद्रेकाशी जोडतात. अशा वेळी सह्याद्रीतील सर्व थरांनी एकच जबाब द्यायला हवा. पण तसे होत नाही! आंबेनळी नावाचा थर सरळ उत्तर देतो. त्याखालचा बुशे नावाचा थर मात्र बेरियम जास्त, निओबियम कमी असे दाखवून जणू जपानची भाषा बोलतो.

हा खोटेपणा कोठून आला? वर येताना त्या शिलारसाने वाटेतले जुने ग्रॅनाइटसारखे खडक वितळवून पोटात घेतले. याचा पुरावा स्ट्राँशियम देते. जुन्या कवचात रुबिडियम अधिक असते आणि त्याचे फार सावकाश स्ट्राँशियम-८७ बनत राहते. त्यामुळे स्ट्राँशियम-८७ चे ८६ शी गुणोत्तर तेथे वाढलेले असते. आंबेनळी थरात ते सुमारे ०.७०४ भरते, तर बुशे थरात ०.७१३ च्या वर जाते. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. वाटेत ऐकलेलेही तो स्वतःचे म्हणून सांगत होता.

दख्खनमध्ये ही चूक पकडता आली, कारण उत्तर अन्य मार्गांनी माहीत होते. पण आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदियाच्या सालेकसा भागात, बिजली रायोलाइट नावाचा ज्वालामुखीय खडक आहे. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे! आजचा बहुतेक सर्व समुद्रतळ २० कोटी वर्षांच्या आतला आहे. त्या काळचे महासागर बुजले, त्यांच्या खुणा पुसल्या गेल्या. उरला तो मुख्यतः दगड. तेथील ज्वालामुखी खंड फाटताना झाले की भूपट्ट खाली शिरताना, याविषयी दोन्ही मते मांडली गेली आहेत. अशा ठिकाणी बुशे थराचा धडा विसरणारा संशोधक, कदाचित कधीच नसलेला समुद्र नकाशावर काढून बसेल.

हे सारे मी आबाजींना सांगितले. गावच्या कित्येक भांडणांत ते पंच म्हणून बसलेले. त्यांनी दगड हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "म्हणजे एकट्याच्या बोलण्यावर निकाल देऊ नाई. अन् तो कोणासंगं बसूनशान आला, हेबी पाहा लागते."

इतिहासाच्या तासाला आम्हांला साधनचिकित्सा शिकवतात. ती यापेक्षा वेगळी काय असते?