परत आलेला मित्र

इ. स. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. त्या वेळी संभाजीराजांचे पुत्र शाहू अवघे सात वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते कैदेत गेले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, तरुण होऊन स्वदेशी परतले. परंतु सर्वत्र त्यांचे स्वागत झाले नाही. ज्यांनी पुढे करवीरची गादी स्थापिली, त्या ताराबाईंच्या पक्षाने त्यांना तोतया ठरविले. तेव्हा परसोजी भोसले त्यांना येऊन मिळाले आणि लोकांचा संशय फिटावा म्हणून त्यांच्यासह एका ताटात जेवले, असे सांगतात.

ज्याला बळाने नेले, तो परत आला म्हणजे संकट संपले, असे सर्वांस वाटते. वस्तुतः त्याची एक परीक्षा अजून उरलेली असते. समजा, राजारामपुरीतील एखाद्या मुलाला कोणी पळवून नेले आणि काही दिवसांनी तो घरी आला. गल्ली तीच, माऊलीचा पुतळा तोच, वर्गातील बाकही तेच. पण मुलगा पूर्वीसारखा वागत नाही. मागून हाक आली की तो दचकतो, खेळता खेळता गप्प होतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो. त्याच्या जिवलग मित्राला वाटते, ‘मी याला नकोसा झालो.’

हा समज खरा नव्हे. संकट येताच शरीर पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होते. छाती धडधडते, कान टवकारले जातात. संकट सरले तरी ही सज्जता लगेच ओसरत नाही. म्हणून त्याची चिडचीड मित्रावरील रोषाची नसते. ती मागे राहिलेल्या भीतीची असते.

अशा वेळी ‘काय झाले ते सांग,’ असा आग्रह धरू नये. तो आपण होऊन बोलू लागला, तर शांतपणे ऐकावे आणि ऐकलेले चव्हाट्यावर मांडू नये. अशा बालकाचे नाव, छायाचित्र किंवा शाळा प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मनाई केली आहे. वृत्तपत्रांनी पाळावयाचा हा संयम मित्रांनीही पाळावा. मात्र त्याला अजून कोणी धमकावीत आहे किंवा त्याला जगणे नकोसे झाले आहे असे कळले, तर ते गुपित राखू नये. आईवडिलांना वा शिक्षकांना तत्काळ सांगावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही आहे.

दयेपोटी त्याला प्रत्येक डाव जिंकू देणे, हाही दुरावाच होय. तो बाद झाला तर बाद म्हणावे. त्याला घरी जावेसे वाटले तर सोबत चालावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बोलवावे. मधल्या सुट्टीत डबा उघडताना नेहमीप्रमाणे त्याच्याजवळ सरकून बसावे. एवढे करण्यास फार मोठे शौर्य लागत नाही. धीर मात्र पुष्कळ लागतो.