शिकता शिकता वेल्डिंगचे काम
मुंबईस जाणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना काही सूचना

दहावीचा निकाल लागला म्हणजे कोकणातून, तसेच सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतून अनेक मुले मुंबईचा रस्ता धरतात. कोणाचा काका परळला असतो, कोणाची आत्या लालबागला. काहींना गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळते. पुढे शिकावे ही मुलाची इच्छा असते, आणि त्याने चार पैसे घरी पाठवावेत ही घराची गरज असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी वेल्डिंगचे अर्धवेळ काम हा एक चांगला मार्ग आहे. तथापि हाच मार्ग नीट न पारखता धरल्यास मुलाचे शिक्षण सुटते, डोळ्यांना इजा होते आणि तो आयुष्यभर कारखान्यात मदतनीस म्हणूनच राहतो. म्हणून शेतकरी पालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

कमाई करीत शिकण्याची परंपरा

महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र खेड्यापाड्यांतील मुलांना दिला. मुंबईतही नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून तेथील वर्ग सकाळी भरविण्यात आले.

शेतकऱ्यास जवळचे असे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवीत असत. पुढे त्यांनी बेळगावी सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. मुंबईत मिळविलेले यंत्रज्ञान शेताच्या बांधापर्यंत कसे पोहोचते, याचा हा दाखला होय.

गिरणगावातील बदल

लालबाग-परळला गेलेला मुलगा ओळखीने गिरणीत चिकटतो, हा जुना समज आता सोडून दिला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि त्या जमिनींवर आज उंच इमारती व कचेऱ्या उभ्या आहेत. गिरण्यांबरोबर त्यांची दुरुस्ती-खातीही गेली. मात्र लोखंडाचे काम या भागातून गेलेले नाही. परळ, लोअर परळ व माटुंगा येथे रेल्वेचे कारखाने आहेत. माझगाव येथे जहाजबांधणीची मोठी गोदी आहे. रे रोडजवळच्या दारुखान्यात जुन्या लोखंडाचा बाजार आहे. आणि गल्लीबोळांतून दारे, जाळ्या, शटर, जिने व मांडण्या बनविणारे लहान कारखाने काम करीत आहेत.

प्रथम शिक्षण, मग काम

लहान कारखान्यात नुसते उभे राहून वेल्डिंग शिकता येते, असे पुष्कळांस वाटते. अशा रीतीने हात बसतो हे खरे, पण कागद मिळत नाही. आणि मोठ्या कारखान्याच्या दारात प्रथम कागदच विचारला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, या व्यवसायास ‘संधाता’ असे नाव आहे. हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास त्यात प्रवेश घेता येतो. मुलींनाही तो खुला आहे. प्रवेशाचे अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत संगणकावरून भरले जातात. लोअर परळ येथे शासकीय संस्था आहे, तसेच दादर येथे मुलींसाठी संस्था आहे. कोणत्या संस्थेत त्या वर्षी कोणता व्यवसाय व किती जागा आहेत, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. शिकाऊ उमेदवारी म्हणजे अर्धवेळ नोकरी नव्हे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये रेल्वे, गोदी किंवा खासगी कारखाना जे उमेदवार घेतो, त्यांना पूर्ण दिवस काम शिकावे लागते व नियमाप्रमाणे विद्यावेतन मिळते. ही उमेदवारी आय.टी.आय. पूर्ण झाल्यावर करणे सोयीचे. वर्ग चालू असताना जे काम शोधावयाचे, ते दिवसाला तीन-चार तासांचेच असावे.

अर्धवेळ काम कोठे शोधावे

काम शोधताना पहिली विचारणा आपल्या निदेशकांकडे करावी. कोणता कारखानदार मुलांना नीट शिकवितो व कोण नुसता राबवून घेतो, हे त्यांना ठाऊक असते. दुसरा मार्ग गावच्या मंडळींचा. ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत राहणाऱ्यांपैकी कोणी जोडारी, कोणी कातारी, कोणी वीजतंत्री असतोच. त्यांच्या शब्दावर दार उघडते, आणि पुढे मजुरीचा तंटा झाला तर मध्यस्थी करणाराही मिळतो.

मिळणाऱ्या कामांचे साधारणपणे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार जाळ्या, दारे व मांडण्या बनविणाऱ्या कारखान्यांचा. काम जमिनीवर, छपराखाली व ठरावीक वेळेत चालते. विद्यार्थ्यास हेच सर्वांत योग्य. दुसरा प्रकार उत्सवाच्या हंगामातील. गणेशोत्सवापूर्वी लालबाग-परळ भागात मोठ्या मूर्तींसाठी लोखंडी गाडे तयार होतात व मंडपांचे सांगाडे जोडले जातात. येथे मजुरी रोख मिळते, परंतु उत्सव जवळ आला म्हणजे काम रात्ररात्र चालते व दुसऱ्या दिवशीचा वर्ग बुडतो. म्हणून आरंभीच वेळेची मर्यादा सांगून ठेवावी. तिसरा प्रकार गिरगाव व आसपासच्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीचा. सज्जे व जिने यांना लोखंडी तुळयांचा आधार देण्याचे हे काम उंचावर व अडचणीच्या जागी असते. शिकत असलेल्या मुलाने ते घेऊ नये.

काम स्वीकारण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

काम मिळाले या आनंदात पुष्कळ मुले काहीच विचारीत नाहीत. पुढील गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात :

(१) कामाचे तास कोणते? परीक्षेच्या महिन्यात सुटी मिळेल काय?
(२) मजुरी तासावर, दिवसावर की नगावर? ती आठवड्याला मिळणार की महिन्याला? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून किमान वेतनाचा हक्क तिने सर्व कामगारांना दिला आहे. ‘तू विद्यार्थी आहेस, तुला शिकवितो आहोत’ असे सांगून कोणी फुकट राबवीत असेल, तर ते काम सोडावे.
(३) मुखवटा, हातमोजे व चामडी पेशबंद कारखाना देणार काय?
(४) यंत्रास अर्थिंग आहे काय? वायरी फाटलेल्या नाहीत ना?
(५) प्रत्यक्ष जोडकाम करावयास मिळणार, की वर्षभर फक्त लोखंड उचलणे व घासणे एवढेच?

पाचवा प्रश्न किरकोळ समजू नये. आरंभी दोन-तीन महिने लोखंड कापणे, कडा घासणे, जोडावरील मळी हातोडीने झाडणे ही कामे करावीच लागतात व ती उपयुक्तही असतात. त्यानंतर टाके मारणे व पुढे सलग जोड देणे, असा क्रम असावा. सहा महिन्यांनंतरही हातात होल्डर येत नसेल, तर तेथे मजुरी आहे पण शिक्षण नाही, असे समजावे.

वयाची बाबही महत्त्वाची आहे. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे व १८ वर्षांखालील किशोरास धोक्याच्या कामावर ठेवणे, या दोन्ही गोष्टींना १९८६ च्या बाल व किशोरवयीन कामगार कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, मनाई आहे. वेल्डिंगमध्ये आग, वीज व विषारी धूर हे तिन्ही धोके आहेत. म्हणून मुलास १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत वेल्डिंग फक्त प्रशिक्षण संस्थेतच, निदेशकांच्या देखरेखीखाली शिकू द्यावे; मजुरीसाठी ते करावयास पाठवू नये.

डोळे आधी, मजुरी मागून

विजेच्या वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास त्या क्षणी फारसे काही जाणवत नाही. सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते व उजेड सहन होत नाही. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या ठेवणे, दूध घालणे किंवा कोणाच्या सांगण्यावरून दुकानातील थेंब घालणे हे उपाय करू नयेत. डोळे चोळू नयेत व रुग्णालय गाठावे, परळला के. ई. एम. रुग्णालय जवळच आहे. वारंवार अशी इजा होऊ दिल्यास दृष्टीस अपाय होण्याचा संभव असतो. साधा रंगीत चष्मा या कामी उपयोगाचा नाही. विजेच्या वेल्डिंगसाठी १० ते १२ क्रमांकाची काच असलेला मुखवटाच हवा. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसासही झोताचा त्रास होतो, हे विसरू नये.

कपडे सुती व पूर्ण बाह्यांचे असावेत. नायलॉन व टेरिलीनचे कापड ठिणगीने वितळून कातडीस चिकटते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर अंगात गेल्यास त्या रात्री थंडीताप भरतो. म्हणून जोडाच्या जागेवरील मुलामा आधी काढावा व काम मोकळ्या हवेत करावे. वायूच्या वेल्डिंगमध्ये काळे नळकांडे ऑक्सिजनचे व तांबूस-तपकिरी ॲसिटिलीनचे असते. ऑक्सिजनच्या नळीस किंवा चावीस तेलाचा वा ग्रीसचा हात कधीही लावू नये, आणि ॲसिटिलीनचे नळकांडे नेहमी उभे ठेवावे.

दिवसाची आखणी

वर्ग सकाळच्या पाळीत असेल तर दुपारी जेवण व विश्रांती, त्यानंतर चार ते सात काम आणि रात्री एक-दीड तास वाचन, अशी आखणी करता येते. आठवड्यास पाच दिवस धरल्यास हे पंधरा तास होतात. याहून अधिक काम घेतले की प्रथम वाचन, मग झोप आणि शेवटी वर्ग सुटतो. मुक्काम, संस्था व कारखाना ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ असतील असे पाहावे. रेल्वेने जावे लागत असल्यास संस्थेच्या दाखल्यावर मिळणारा विद्यार्थी सवलतीचा पास काढावा.

मोह पुढेच असतो. हात बसू लागला की मालक म्हणतो, ‘पूर्ण वेळ ये, दुप्पट देतो.’ त्याच सुमारास गावाकडून निरोप येतो, की बी-खतासाठी पैसे हवेत. मुलगा वर्ग सोडतो, आणि प्रमाणपत्राला थोडेच महिने उरले असताना वर्ष वाया जाते. पुढे गोदीत किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यात नळांच्या जोडकामाची परीक्षा द्यावयाची झाल्यास त्याच्यापाशी दाखवावयास काहीच नसते. म्हणून पालकांनी मुलगा निघण्यापूर्वीच ठरवावे, की त्या वर्षी त्याची कमाई त्याच्या खाणावळीपुरती व वह्या-पुस्तकांपुरती आहे. घरखर्चासाठी त्याच्याकडे मागणी करावयाची नाही. वर्षभराचा हा संयम पुढे अनेक पटींनी परत मिळतो.

गावाला उपयोग

हे कौशल्य शहरापुरते नाही. ऐन पेरणीत ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचा दाता मोडला व तालुक्याच्या गावी खेप घालावी लागली, तर वाफसा निघून जातो. फाळाच्या झिजलेल्या टोकावर कठीण धातूचा थर चढविणे, ट्रॉलीच्या सांगाड्यास पडलेली चीर भरणे, गोठ्याचे दार व चाऱ्याची मांडणी बनविणे ही सर्व कामे गावातच होऊ शकतात. यासाठी लागणारे इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र हलके असते. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडला साधारणतः ९० ते १३० अँपिअर विद्युत्प्रवाह लागतो. रॉड कोरडे ठेवावेत. दमट रॉडने जोड सच्छिद्र होतो. बिडाचे भाग साध्या रॉडने जोडू नयेत, त्यास निकेलचा रॉड व आधी तापविणे लागते. डिझेल, रॉकेल किंवा कीटकनाशक ठेवलेल्या पिंपास, ते रिकामे दिसले तरी, वेल्डिंग करू नये. अशा पिंपाचा स्फोट होतो किंवा त्यातून विषारी धूर निघतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

मे-जून महिन्यांत गावातील कोणती मुले मुंबईस जाणार आहेत याची यादी करावी. त्यांच्या पालकांस एकत्र बोलावून वरील प्रश्न समजावून द्यावेत. प्रवेशाचे अर्ज मुदतीत भरले जातील व जातीचे, उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले वेळेवर मिळतील अशी व्यवस्था करावी. गावच्या मुंबईकर मंडळींना पत्राने वा दूरध्वनीने कळवून प्रत्येक मुलाची जबाबदारी एका जाणत्या माणसाकडे सोपवावी. दिवाळीच्या सुटीत मुलगा घरी आला म्हणजे मजुरी किती मिळाली हे विचारण्याआधी त्याची हजेरी किती भरली, हातात होल्डर आला काय आणि मुखवटा मिळाला काय, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तर काम चालू ठेवण्यास हरकत नाही. नसतील तर वर्ष हातचे जाण्यापूर्वी ते बदलावे.