फटकी जाते कुठे?

उमरीपासून धर्माबादचा मिरची बाजार जवळ. त्यामुळे इथल्या बचत गटाला किंवा होतकरू तरुणाला मसाल्याचा धंदा सुचणं साहजिक आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेतून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणजे पल्व्हरायझरची सोय होते. मग सगळं लक्ष यंत्र, पाकीट आणि परवान्याकडे लागतं. धोका मात्र बहुतेक वेळा दारात उतरणाऱ्या पोत्यातूनच येतो.

मिरची उघड्या मातीवर वाळत घातली, रात्री दव पडलं किंवा ओलसर असतानाच ती पोत्यात भरली, की अस्परजिलस प्रजातीची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. वरून लालबुंद दिसणारी मिरची उभी चिरली तर कधी कधी बियांभोवती राखाडी जाळं दिसतं. म्हणून आपल्या नियमांनी मिरचीतल्या ओलाव्याला 11 टक्क्यांची आणि मसाल्यातल्या अफ्लाटॉक्सिनला किलोमागे 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. युरोपात ती 10 आहे. भाजल्याने बुरशी मरते, पण विष बरंचसं तसंच राहतं. मिरचीवर येऊ शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचं मात्र उलट: तो पुरेशा उष्णतेने मरतो. म्हणजे तीच मिरची भाजीच्या मसाल्यात गेली तर रश्शाबरोबर उकळते, आणि शेंगदाण्याच्या चटणीत कच्ची कालवली तर थेट घासात येते. कच्चा माल एकच, धोका वेगळा. तेव्हा ‘ही मिरची चांगली आहे का’ हा प्रश्न अर्धाच. ती कशात पडणार, हे त्याला जोडूनच विचारावं लागतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पुरवठादाराकडून कागद घेतलाय. फॉर्म ई मधली हमी कायद्याच्या दृष्टीने मोलाची आहेच, पण कागद पोत्यात डोकावत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या कारखान्याला 2008 मध्ये बाहेरच्या तपासनिसांनी ‘उत्कृष्ट’ शेरा दिला. त्याच वर्षी सुरू झालेल्या साल्मोनेलाच्या साथीत तिथल्या शेंगदाण्याचा माल सापडला. 700 हून अधिक लोक आजारी पडले, नऊ मृत्यू त्या साथीशी जोडले गेले. एका बड्या खरेदीदार कंपनीने मात्र 2002 मध्येच स्वतःची माणसं पाठवून तो कारखाना पाहिला होता आणि माल घ्यायला नकार दिला होता. शेऱ्यापेक्षा ती फेरी कामाची ठरली.

छोट्या उद्योजकाचा आक्षेप रास्त आहे. आडतीत दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र होतो. कुणाच्या खळ्यावर जायचं? आणि प्रत्येक पोत्याची प्रयोगशाळेत तपासणी परवडेल कशी? प्रत्येक पोतं तपासायची गरजच नाही. तशीही बुरशी सगळ्या ढिगात सारखी पसरत नाही. एका मुठीचा नमुना ‘स्वच्छ’ आला म्हणून ढीग स्वच्छ ठरत नाही. त्यापेक्षा हंगामात चार-पाच शेतकऱ्यांशी थेट बोलणी करावी, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेल्या मालाला किलोमागे थोडा जास्त भाव द्यावा, ओलावा मोजायचं साधं यंत्र ठेवावं आणि पोत्यागणिक लॉट नंबर वहीत लिहावा. अनेक पोत्यांतून थोडी थोडी मिरची काढून केलेला एकत्र नमुना हंगामात एक-दोनदा प्रयोगशाळेत पाठवणं गटाने मिळून केलं तर झेपतं. तक्रार आलीच, तर वहीत तो लॉट सापडतो. सगळा माल परत बोलवावा लागत नाही.

भाव मात्र आड येतो, हे खरंच. रंग उडालेली, डागाळलेली मिरची ‘फटकी’ म्हणून वेगळी काढतात आणि ती स्वस्तात विकली जाते. अख्खी ती कोण घेणार? दळली की डाग दिसत नाहीत, आणि फिका रंग लपवायला सुदानसारखा औद्योगिक रंग काही जण वापरतात. ब्रिटनमध्ये अशाच रंगाची मिरची पूड एका सॉसमध्ये गेली, तो सॉस इतर पदार्थांत पडला, आणि 2005 साली चारशेहून जास्त उत्पादनं दुकानांतून काढावी लागली. म्हणून बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिरची पूड कुणी देऊ केली, तर खरेदीदाराने आधी विचारायचं ते हेच: यात फटकी किती, आणि रंग कुठून आला?