कोराडीच्या ढगात शहराचं सांडपाणी

हिवाळ्यात नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रावरून जाताना मुलं हमखास विचारतात, एवढा धूर कशाचा? धूर उंच, सडपातळ चिमणीतून निघतो. बुडाशी रुंद असलेल्या शीतलन मनोऱ्यांवर दिसतो तो पाण्याचा ढग, आणि त्यातलं बरंचसं पाणी नागपूरकरांनी कधीतरी आंघोळीला वापरलेलं असतं!

कोळशातली निम्मीही उष्णता विजेत उतरत नाही. उरलेली बरीचशी पाण्याच्या अंगावर टाकून, त्याची वाफ करून आकाशात सोडावी लागते. माठ गार राहतो तो याच नियमाने. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातं. विजेच्या एका युनिटमागे साधारण ३ लिटर पाणी धरा. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर १४ कोटी लिटर लागेल.

हे सगळं पेंच नदीतून घ्यायचं? व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतलं तोतलाडोह धरण आधीच ओढाताणीत आहे. तिथलं पाणी १६० मेगावॉटची जनित्रं फिरवून नवेगाव खैरीला उतरतं. तिथून नागपूरचे नळ भरतात आणि कालव्यांनी पारशिवनी, रामटेक, मौद्याचं धान भिजतं. वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालंय. २०१९च्या जुलैत तर नागपूरला दिवसाआड पाणी आलं.

म्हणून नागपूरच्या भांडेवाडीत रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीला देण्याची योजना मला मनापासून आवडते. शुद्धीकरणात जिवाणूंना सतत हवा द्यावी लागते, मग पाणी पंपाने शहरापलीकडे ढकलायचं. दोन्हीला वीज लागते, म्हणजे कोराडीला स्वतःच्या पाण्यासाठीही वीज मोजावी लागते. तरीही हा सौदा चांगला आहे.

मात्र ‘पेंचचं पाणी वाचलं’ या घोषणेवर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. वाचलेलं पाणी शेताला मिळेल असं कालव्याच्या वाटपात लिहिलं नाही, तर वाढतं शहरच ते पिऊन टाकेल. धानाला लोंबी भरताना पाणी हवं असतं, ते नंतर मिळून उपयोग नाही.

शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग नदीचाही हिस्सा यात आहे. उन्हाळ्यात तिच्यात सांडपाण्याशिवाय फारसा प्रवाह उरत नाही, आणि ती कन्हानमार्गे वैनगंगेला, पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते. शुद्ध केलेलं सगळंच पाणी मनोऱ्यांकडे वळवलं, तर नदीत न शुद्ध केलेलं तेवढं राहील. थोडं स्वच्छ पाणी नागेतही सोडायला हवं, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत.