चेहऱ्याखाली नाव हवे

प्रवासात भेटलेल्या माणसांची चित्रे काढण्याचा छंद अनेकांना असतो. पण त्या चित्राखाली काय लिहिले जाते, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज राजवटीत ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. छायाचित्रे माणसांची, ओळख मात्र बहुतेक जाती-जमातीची. माणूस गायब, नमुना शिल्लक!

याउलट चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य. १९४३ च्या बंगाल दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. उपाशी माणसांची चित्रे काढली, नाव-गाव विचारले, हकिगत नोंदवली. ‘हंग्री बेंगाल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. सरकार रेघांना घाबरत नाही, साक्षीला घाबरते. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला राहिले.

निनावी साक्षीला कोर्टात किंमत नसते, हे आम्ही वकील रोज पाहतो. म्हणून तरुण मित्रांनो, प्रवासात वही-पेन्सिल जरूर न्या. ऊसतोडीच्या फडावर, एस.टी. स्टँडवर भेटेल त्याचे चित्र काढा. पण आधी त्याची परवानगी घ्या, नाव विचारा आणि त्याने सांगितले तसेच खाली लिहा. नाहीतर आपल्याही वहीत नमुनेच जमतील!