पेट्रोल विहिरीतून निघत नाही

पंपावर साध्या पेट्रोलच्या शेजारी प्रीमियम उभं असतं. चार पैसे जास्त मोजले की गाडी जास्त पळणार, असा हिशेब अनेकांनी मनाशी धरलेला असतो. तो चुकतो, कारण ऑक्टेन हा ऊर्जेचा आकडा नाहीच.

सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी इंधन आपणहून न पेटता किती तग धरतं, याचं ऑक्टेन हे माप. तग धरली नाही की चढावर इंजिन टकटक करू लागतं. मेकॅनिकच्या भाषेत नॉकिंग. इथेनॉलचा ऑक्टेन 100 च्या वर आहे, तरी लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. कंपनीच्या पुस्तिकेत 91 पुरेसं असं लिहिलं असेल, तर 95 भरून पदरात फारसं काही पडत नाही.

क्रूड तापवलं की पेट्रोल आयतं मिळतं, हाही असाच पक्का बसलेला समज. खरं तर मिळतो तो नाफ्था. त्यातल्या जड भागाचा ऑक्टेन बहुधा 40 ते 60 च्या घरात, आणि इंधनाचं बीएस-6 हे भारतीय मानक आलं तेव्हा साध्या पेट्रोलला किमान 91 ठरवला होता. पूर्वी ही तूट भरून काढायला शिशाचं संयुग मिसळत. भारतात 2000 च्या फेब्रुवारीपासून ते देशभर बंद झालं. मग भार आला तो मुख्यतः रिफॉर्मिंगवर.

रिफॉर्मिंग म्हणजे मोठे रेणू तोडणं नव्हे. ते काम क्रॅकिंगचं. इथे कार्बन बहुतांशी तेवढेच राहतात, बदलते ती त्यांची मांडणी. सात कार्बनची सरळ साखळी म्हणजे हेप्टेन. ऑक्टेनच्या मोजपट्टीवरचं शून्य त्याच्यावरूनच ठरवलं आहे. हीच साखळी वळवून तिचं कडं केलं आणि आठ हायड्रोजन अणू काढून घेतले, की टोल्युइन तयार होतं. त्याचा ऑक्टेन शंभरी ओलांडतो. इतकी मोठी उडी एकही कार्बन न वाढवता मिळावी, ही रसायनशास्त्रातली फार देखणी गोष्ट आहे.

ही किमया प्लॅटिनमची. अमेरिकेतल्या यूओपी कंपनीत व्लादिमिर हेन्सेल यांनी ही पद्धत बसवली आणि 1949 मध्ये मिशिगन राज्यात तिचा पहिला व्यावसायिक कारखाना सुरू झाला. एवढा महागडा धातू तेलशुद्धीकरणात वापरणं परवडेल यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. आजही ‘प्लॅटिनम जळतं, म्हणून पेट्रोल महाग’ असं ऐकू येतं. प्लॅटिनम जळत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या मोहरीएवढ्या सच्छिद्र गोळ्यांवर ते अतिसूक्ष्म कणांत पसरलेलं असतं. 100 किलो गोळ्यांत जेमतेम 300 ग्रॅमच्या आसपास. साधारण 500 अंश तापमानाला नाफ्थ्याची वाफ त्यांच्यावरून जाते. अभिक्रिया उष्णता इतकी ओढून घेते, की एका रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडलेली वाफ पुढच्यात सोडण्याआधी पुन्हा भट्टीत तापवावी लागते. हळूहळू गोळ्यांवर कार्बन बसून त्या काळ्या पडतात. नव्या युनिटांत त्या रिअ‍ॅक्टरमधून सावकाश खाली सरकत राहतात. मग त्यांच्यावरचा कार्बन जाळतात, थोडं क्लोरीन देतात आणि त्यांना पुन्हा वर चढवतात. अगदीच निकामी झाल्या, तरी त्यांतलं प्लॅटिनम परत मिळवलं जातं.

हेप्टेनमधून सुटलेले ते आठ अणूही वाया जात नाहीत. त्यांचा हायड्रोजन वायू पाइपातून शेजारच्या युनिटमध्ये जातो आणि डिझेलमधलं गंधक बाहेर काढतो. बीएस-6 डिझेलमध्ये किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही, आणि तिथवर पोहोचायला लागणाऱ्या हायड्रोजनचा मोठा वाटा पेट्रोल घडवणारं हे युनिट पुरवत असतं.